एक लिंक उघडून दिली, चौदा प्रोजेक्ट उघडले

"तुम्ही पाठवलेली लिंक उघडत नाहीये. 'परवानगी नाही' असं येतंय." सोमवारी सकाळी इश्यू ट्रॅकर, म्हणजे कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्या ॲडमिनला असा मेसेज येतो. त्याच्यापुढे आणखी दहा कामं पडलेली असतात. तो त्या माणसाचं नाव एका ग्रुपमध्ये टाकतो, लिंक उघडते, उत्तरादाखल अंगठा येतो आणि विषय मिटतो. त्या ग्रुपमुळे त्या माणसाला आणखी चौदा प्रोजेक्ट दिसायला लागलेत आणि त्यातल्या दोनांत तो तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, डिलीटही करू शकतो, हे दोघांच्याही गावी नसतं.

अशी पाच वर्षं गेली की कोणाला काय दिसतं याचं उत्तर कोणाकडेच उरत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, ते सांगितलेलं तंतोतंत पाळत असतं. सांगणाऱ्यांनीच दर वेळी थोडं थोडं आणि मागचं न पाहता सांगितलेलं असतं. हा गुंता कसा होतो आणि शेकडो माणसं नि डझनावारी प्रोजेक्ट असताना तो कसा टाळायचा, ते पाहू.

## आधी पाच शब्द

इश्यू ट्रॅकर म्हणजे कामांची सामायिक वही. चूक सापडली, नवी मागणी आली, कोणाला काही करून हवं असलं की तिच्यात एक नोंद पडते. या नोंदीला कुणी इश्यू म्हणतं, कुणी बग; आपण तिकीट म्हणू. तिकिटांचा एका विषयाचा गठ्ठा म्हणजे प्रोजेक्ट. बगझिला (१९९८), जिरा (२००२), रेडमाइन (२००६), गिटहब, गिटलॅब ही यातली ओळखीची नावं.

परमिशन म्हणजे एखादी कृती करण्याची मुभा. तिकीट वाचणं ही एक कृती, नवं उघडणं ही दुसरी, दुसऱ्याची कॉमेंट बदलणं ही तिसरी. अशा वीस-तीस कृती सहज निघतात. पाचवा शब्द ॲक्सेस, म्हणजे या सगळ्या मुभा मिळून एखाद्या माणसाच्या हाती प्रत्यक्ष काय पडतं ते. परमिशन दिलेली असते, ॲक्सेस झालेला असतो. हा फरक पुढे फार कामाला येईल.

## हे अवघड का आहे? साधा गुणाकार

३०० माणसं आणि ८० प्रोजेक्ट धरा. कोणत्या माणसाला कोणत्या प्रोजेक्टमध्ये शिरू द्यायचं, असे २४,००० प्रश्न तयार होतात. प्रत्येक ठिकाणी २० कृती धरल्या तर ४,८०,००० हो-नाही. इतके निर्णय कोणी घेत नाही. कोणीतरी एकदा "सगळ्यांना चालू" करून मोकळा होतो, नाहीतर गरज पडेल तसं एकेक नाव चिकटवत जातो.

यावरचा तोडगा जुना आहे. माणसाला थेट मुभा द्यायची नाही. मुभा भूमिकेला द्यायची आणि माणसाला त्या भूमिकेत बसवायचं. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२मध्ये ही कल्पना नीट मांडली आणि २००४मध्ये ती अमेरिकेत अधिकृत मानक झाली. आज जवळपास प्रत्येक ट्रॅकर याच पायावर उभा आहे, फक्त प्रत्येकाने भिंती वेगळ्या बांधल्यात.

नाटकाचं उदाहरण घ्या. संहितेत "राजा", "सेनापती", "दूत" अशी पात्रं असतात. राजाने काय बोलायचं, दूताने कुठून यायचं हे तिथे ठरलेलं असतं. नटाचं नाव संहितेत कुठेही नसतं. त्याच संहितेचे दहा ठिकाणी प्रयोग होतात, दर ठिकाणी नटसंच वेगळा. एके ठिकाणी राजा झालेला नट दुसरीकडे दूत असतो.

ट्रॅकरमध्ये संहितेला परमिशन स्कीम म्हणतात, म्हणजे कोणत्या पात्राला कोणत्या मुभा याची यादी. पात्र म्हणजे रोल. प्रयोग म्हणजे प्रोजेक्ट. नटसंच म्हणजे त्या प्रोजेक्टमध्ये कोणत्या रोलवर कोण बसलंय ती यादी. आपल्या ८० प्रोजेक्टांना मिळून एकच संहिता असेल आणि तिच्यात पाच पात्रं असतील, तर घ्यायचे निर्णय ५ गुणिले २०, म्हणजे शंभर. तेही एकदाच. उरतं ते नट निवडणं, आणि ते ज्याच्या त्याच्या प्रोजेक्टप्रमुखावर सोपवता येतं.

गोंधळाचं पहिलं मूळ इथेच सापडतं. संहितेत नटाचं नाव लिहिलं की खेळ बिघडला. स्कीम उघडून पाहिली आणि "तिकीट बंद करणे" याच्यासमोर रोलऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं, तर समजा की एका सोमवारच्या सकाळी कोणीतरी घाईत होतं. ती स्कीम ६० प्रोजेक्ट वापरत असतील, तर त्या माणसाला साठांतही तिकीट बंद करता येतं.

## तीन मजले

माणसाचा ॲक्सेस एकाच ठिकाणी ठरत नाही, तीन मजल्यांवर ठरतो. सगळ्यांत खाली संपूर्ण ट्रॅकरचा मजला. लॉगिन करता येणं, नवा प्रोजेक्ट काढता येणं, शेकडो तिकिटं एका फटक्यात बदलता येणं हे इथलं. एका फटक्यातला बदल दिसतो त्यापेक्षा धोकादायक आहे. चुकीचा फिल्टर लावून कोणी ७०० तिकिटं बंद केली तर ती परत उघडणं वेगळंच, आधी ७०० तिकिटांचे मेल लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतात. ही मुभा बोटांवर मोजण्याइतक्यांनाच असावी.

मधला मजला प्रोजेक्टचा. स्कीम, रोल सगळं इथे. या मजल्याचं मुख्य दार म्हणजे प्रोजेक्ट पाहण्याची मुभा, जिरात तिला "ब्राउझ प्रोजेक्ट्स" म्हणतात. ही नसेल तर बाकीच्या मुभा असून नसल्यासारख्या. कॉमेंट करण्याची, तिकीट बदलण्याची, सगळी परवानगी असूनही माणसाला काहीच दिसत नाही तेव्हा पहिली शंका इथे घ्यावी.

याच मजल्यावरचा एक नमुना. नवी सहकारी रुजू झाली, तिला प्रोजेक्ट दिसतो, तिकीट बदलताही येतं, पण तिकीट कोणाकडे द्यायचं त्या यादीत तिचं नावच येत नाही. कारण जिरात या दोन वेगळ्या मुभा आहेत. "असाइन इश्यूज" म्हणजे दुसऱ्याकडे काम सोपवता येणं, आणि "असाइनेबल युजर" म्हणजे आपल्याकडे काम सोपवलं जाऊ शकणं. तिला दुसरी दिलेली नसते. ॲडमिन मात्र पहिलीच पुन्हा पुन्हा तपासत बसतो आणि शेवटी वैतागून तिला प्रोजेक्टचा ॲडमिन करून टाकतो. प्रश्न सुटतो, पण भलत्याच किमतीला.

सगळ्यांत वरचा मजला एकेका तिकिटाचा. प्रोजेक्ट सगळ्यांना दिसतो, पण त्यातली सुरक्षेची किंवा कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची तिकिटं मोजक्यांनाच दिसावीत, यासाठी तो असतो. रेडमाइनमध्ये त्यांना खासगी तिकिटं म्हणतात, गिटलॅबमध्ये गोपनीय, जिरात तिकिटाला सुरक्षा-पातळी लावतात. जिरातली ही पातळी इतकी कडक आहे की त्या पातळीत नाव नसेल तर खुद्द ॲडमिनलाही तिकीट शोधात सापडत नाही. पातळीतला एकुलता एक माणूस नोकरी सोडून गेला की तिकिटं हरवल्याचा ओरडा होतो. ती असतात तिथेच, फक्त पाहणारं कोणी उरलेलं नसतं. म्हणून पातळीतही माणूस नको, रोल हवा.

## ग्रुप आणि रोल एकच ना?

नाही. ग्रुप संपूर्ण संस्थेचा असतो आणि कुठेही गेला तरी तोच राहतो: "टेस्टर", "डिझाइन विभाग". रोल त्या त्या प्रोजेक्टपुरता असतो. शाळेत गणिताचे शिक्षक हा ग्रुप, तर सातवी ब चे वर्गशिक्षक हा रोल. गणिताचा शिक्षक प्रत्येक वर्गाचा वर्गशिक्षक नसतो.

स्कीममध्ये रोल घालायचा आणि प्रोजेक्टमध्ये त्या रोलवर ग्रुप बसवायचा, ही साखळी सगळ्यांत टिकाऊ: माणूस, ग्रुप, रोल, मुभा. माणूस विभाग बदलतो तेव्हा ग्रुपच्या ठिकाणी एकच बदल पडतो आणि तो ऐंशी प्रोजेक्टांत आपोआप पोचतो. ग्रुप संस्थेच्या कर्मचारी-यादीशी जोडलेले असतील तर तेवढंही हाताने करावं लागत नाही.

उलट स्कीममध्ये थेट ग्रुप घातले की प्रत्येक प्रोजेक्टसाठी नवा ग्रुप लागतो: "पोर्टल-डेव्हलपर", "पोर्टल-डेव्हलपर-२", "पोर्टल-तात्पुरते". या तिसऱ्याचं नाव तात्पुरतं असतं, वय सहा वर्षं. ग्रुप प्रोजेक्टांपेक्षा जास्त झाले की समजावं, रोल वापरायचे राहून गेलेत.

## बेरीज होते, वजाबाकी होत नाही

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. जिरा, रेडमाइन, गिटलॅब यांत मुभांची बेरीज होते. "याला सोडून सगळ्यांना" असं लिहायची सोय नाही. एका प्रोजेक्टमध्ये माणूस दोन रोलवर असेल तर त्याला दोन्हींच्या मिळून मुभा मिळतात. वाचकाच्या रोलवर त्याला शंभरदा बसवा. दुसऱ्या वाटेने त्याला बदल करता येत असेल, तर बदल करता येणारच.

"त्याला प्रोजेक्टमधून काढलं तरी दिसतंय" या तक्रारीचा उगम हाच. त्याचं नाव रोलवरून काढलं, पण त्याच रोलवर बसलेल्या ग्रुपमध्ये तो होता. ग्रुपमधूनही काढलं, तर स्कीममध्ये "लॉगिन केलेला कोणीही" असं लिहिलेलं होतं. तेही काढलं, तर एका तिकिटाचा तो नोंदवणारा होता आणि नोंदवणाऱ्याला स्वतंत्र मुभा होती. म्हणून "याला परवानगी आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: कोणकोणत्या वाटांनी आहे? जिरात यासाठी परमिशन हेल्पर नावाचं साधन आहे. माणूस, तिकीट आणि कृती सांगितली की ती मुभा कोणत्या अटीमुळे मिळते किंवा अडते, ते दाखवतं. अंदाजाने नावं काढत बसण्याआधी हे उघडावं.

गिटलॅबमध्ये बेरजेला उताराचीही जोड आहे. तिथे भूमिकांना अंक आहेत: गेस्ट १०, रिपोर्टर २०, डेव्हलपर ३०, मेंटेनर ४०, ओनर ५०. वरच्या ग्रुपमध्ये मिळालेली भूमिका खालच्या सगळ्या उपग्रुपांत आणि प्रोजेक्टांत वाहत जाते. खाली ती वाढवता येते, कमी करता येत नाही. वर डेव्हलपर केलेल्या माणसाला खालच्या एखाद्या नाजूक प्रोजेक्टमध्ये गेस्ट करायचं म्हटलं तर ते शक्य नाही. मग नाजूक प्रोजेक्टच त्या झाडाबाहेर न्यावा लागतो. त्यामुळे वरच्या पातळीवर जितकं कमी द्याल तितकं बरं.

बगझिलाचं गणित बरोबर उलटं. सेटिंग बदललेली नसेल, तर तिथे तिकिटाला ग्रुप लावले की ते तिकीट पाहायला त्या सगळ्या ग्रुपांत असावं लागतं. दोन ग्रुप लावले तर पाहणारे वाढत नाहीत, घटतात. जिराची सवय असलेला माणूस बगझिलात "आणखी काही लोकांना दिसावं" म्हणून दुसरा ग्रुप लावतो आणि आधी पाहू शकणारेही बाहेर पडतात. त्यात आणखी एक बारकावा आहे. नोंदवणारा आणि सीसीमध्ये ठेवलेला माणूस ग्रुपमध्ये नसला तरी त्याला ते तिकीट दिसू शकतं. म्हणजे तिथे सीसी ही नुसती सूचना नसते, किल्लीही असते.

## "सगळे" म्हणजे नेमके कोण?

संस्थेत बसून "सगळ्यांना दिसू दे" म्हणताना मनात असतात आपले सहकारी. सॉफ्टवेअरला "सगळे" म्हटलं की त्यात इंटरनेटवरचा प्रत्येक जण येतो. २०१९मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवलं, की जिरातले फिल्टर (साठवून ठेवलेले शोध) आणि डॅशबोर्ड असे "सगळ्यांसाठी" ठेवल्यामुळे नासासह कित्येक मोठ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांची नावं, ईमेल पत्ते आणि आतल्या प्रोजेक्टांची माहिती लॉगिन न करताही दिसत होती. कोणी कुलूप तोडलं नव्हतं. एका शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होता, इतकंच.

"लॉगिन केलेला कोणीही" हा पर्यायही वाटतो तेवढा सुरक्षित नाही. ट्रॅकरमध्ये बाहेरचे कंत्राटदार, ग्राहक, भागीदार कंपनीतले लोक यांनाही लॉगिन दिलेलं असतं, आणि ते सगळे या "कोणीही"त मोडतात. रेडमाइनमध्ये तर नवा प्रोजेक्ट मुळातच सार्वजनिक म्हणून जन्माला येतो. ती सेटिंग जाणीवपूर्वक बदलावी लागते. शिवाय तिथे "सदस्य नसलेला" आणि "अनोळखी" असे दोन तयार रोल असतात, आणि त्यांच्या मुभा तपासायचं कोणाच्या लक्षातच येत नाही.

जिरात असाच एक सापळा आहे. फक्त आपण नोंदवलेली तिकिटं लोकांना दिसावीत म्हणून प्रोजेक्ट पाहण्याची मुभा "नोंदवणारा" याला दिली जाते. नोंदवणारा कोणीही होऊ शकतो, त्यामुळे प्रोजेक्टचं नाव सगळ्यांच्याच यादीत झळकायला लागतं. आतली तिकिटं झाकलेली राहतात खरी, पण काही वेळा नावच पुरेसं बोलकं असतं.

## "आपण सगळे एकाच संस्थेतले, लपवायचं काय?"

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. वाचण्याची मुभा संस्थेच्या आत सढळ असावी. लोकांना एकमेकांची तिकिटं दिसली की तीच चूक पाच ठिकाणी पाच वेळा नोंदवली जात नाही आणि "तुमच्याकडे काय चाललंय?" ही मीटिंग वाचते. जे लपवायचं सबळ कारण सांगता येत नाही, ते खुलं ठेवावं.

पण ट्रॅकरमध्ये नुसती कामांची यादी नसते. अजून न बुजवलेली सुरक्षेची भोकं असतात, ग्राहकाने जोडलेल्या फायली असतात, घाईत कॉमेंटमध्ये डकवलेले पासवर्ड असतात. मोझिलाने ४ सप्टेंबर २०१५ रोजी जाहीर केलं की एका हल्लेखोराने त्यांच्या बगझिलातल्या विशेष अधिकाराच्या खात्यात शिरून सुमारे १८५ अप्रकाशित बग वाचले. त्यातले ५३ गंभीर होते. ४३ तोवर दुरुस्त झालेले होते, १० नव्हते. त्या खातेदाराने तोच पासवर्ड दुसऱ्या एका वेबसाइटवर वापरला होता आणि तिथून तो फुटला होता. मोझिलाने मग अशा खात्यांचे पासवर्ड बदलायला लावले, दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं केलं. शिवाय विशेष अधिकार असलेल्या लोकांची संख्या आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाचा आवाका, दोन्ही कमी केले. आपल्या विषयाचा धडा या शेवटच्या वाक्यात आहे. तो खातेदार बेइमान नव्हता. त्याचं खातं मात्र दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि त्या खात्याला जेवढं दिसत होतं तेवढं सगळं त्याच्यासोबत गेलं.

लिहिण्या-पुसण्याच्या बाबतीत सढळपणा नको. विशेषतः डिलीट. जिरात डिलीट केलेलं तिकीट परत आणायला बॅकअपच गाठावा लागतो. तिकीट चुकून उघडलं असेल तर "चुकीची नोंद" म्हणून बंद करता येतं, इतिहास शिल्लक राहतो. रोजच्या कामात डिलीटची गरज पडतेच असं म्हणणाऱ्याकडून एक उदाहरण मागून पाहा.

## "प्रत्येक प्रोजेक्ट वेगळा, मग स्कीमही वेगळी नको का?"

नको. प्रोजेक्ट वेगळे असतात ते माणसांमुळे आणि विषयामुळे. मुभांचे साचे फार थोडे असतात. चार स्कीमवर बहुतेक संस्थांचं भागतं. खुली: आतल्या सगळ्यांना वाचता येतं, नोंदवता येतं, बदल प्रोजेक्टच्या लोकांनी करायचा. आतली: फक्त सदस्यांना दिसते. भागीदारांची: बाहेरच्यांना वाचता-नोंदवता येतं, आतल्या कॉमेंट दिसत नाहीत. आणि गोपनीय.

बिघडतं असं. एका प्रोजेक्टप्रमुखाला एकच छोटा बदल हवा असतो, समजा, टेस्टरनाही तिकीट बंद करता यावं. ॲडमिन स्कीम उघडतो, बदल करतो. ती ६० प्रोजेक्टांची सामायिक संहिता आहे हे त्याला मंगळवारी कळतं, जेव्हा बाकीचे ५९ जण विचारायला येतात. पोळलेला ॲडमिन पुढच्या वेळी स्कीमची कॉपी काढतो. वर्षभरात "मूळ स्कीम", "मूळ स्कीमची कॉपी", "कॉपीची कॉपी (नवी)" अशा पन्नास संहिता जमतात. त्यांतल्या बहुतेक एका ओळीच्या फरकाच्या असतात आणि ती ओळ कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

मधला मार्ग बहुधा संहितेला हात न लावता निघतो. टेस्टरना तिकीट बंद करू द्यायचंय ना? मग त्या प्रोजेक्टमध्ये टेस्टरचा ग्रुप "काम करणारा" या रोलवर बसवा. नटसंच बदला, संहिता राहू द्या.

जिरात प्रत्येक टीमने स्वतःच सांभाळायचे प्रोजेक्टही काढता येतात. त्यांची संहिता त्यांच्यापुरतीच असते, सामायिक स्कीम त्यांना लागत नाही. छोट्या टीमला हे सोयीचं पडतं. पण असे चाळीस प्रोजेक्ट झाले की तपासणीच्या दिवशी चाळीस ठिकाणी आत जाऊन पाहावं लागतं. ते कोणी काढायचे, ही मुभा खालच्या मजल्यावर आवळून ठेवावी.

## "सगळं ॲडमिननेच करायचं तर काम अडणार"

बरोबर, म्हणूनच ॲडमिनने सगळं करू नये. जिरात "ॲडमिनिस्टर प्रोजेक्ट्स" ही मुभा असलेला प्रोजेक्टप्रमुख आपल्या प्रोजेक्टच्या रोलवर माणसं बसवू-उठवू शकतो, सामायिक स्कीम बदलू शकत नाही. विभागणी नेमकी हवी तशी आहे. कोण कुठे काम करतंय हे प्रमुखाला ठाऊक असतं आणि काय करू द्यायचं हे संस्थेने ठरवलेलं असतं. संपूर्ण ट्रॅकरचे ॲडमिन दोन किंवा तीन पुरेत. एक फार कमी, तो आजारी पडतो. दहा फार जास्त.

गिटहबवर "ट्राएज" नावाची पायरी याच विचारातून आलेली आहे. रीड, ट्राएज, राइट, मेंटेन, ॲडमिन या पाचांत ट्राएजवाल्याला तिकिटांना लेबल लावता येतं, ती बंद करता येतात, पण कोडला हात लावता येत नाही. तिकिटं आवरणाऱ्या माणसाला कोडची किल्ली द्यायची गरज नसते.

## झालेला गुंता सोडवायचा कसा

आधी काहीही बदलू नका, मोजा. प्रत्येक प्रोजेक्टसमोर त्याची स्कीम आणि शेवटचं तिकीट कधी हललं ती तारीख लिहा. वर्षभर न हललेले प्रोजेक्ट आधी फक्त-वाचायचे करून टाका, कामाचा ढीग तिथेच उतरतो. उरलेल्यांच्या स्कीम शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहा. एका ओळीचा फरक असलेल्या एकत्र करता येतील का, ते त्या प्रोजेक्टप्रमुखाला विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, "असा फरक आहे हे मला माहीतच नव्हतं."

मग नव्या चार स्कीम आणि पाचेक रोल तयार करा. रोलची नावं कामावरून ठेवा: वाचक, नोंदवणारा, काम करणारा, प्रमुख, बाहेरचा भागीदार. प्रत्येक रोलसाठी एक चाचणी-खातं काढा. ही पायरी लोक गाळतात, आणि ॲडमिनच्या खात्यावरून "दिसतंय की" म्हणून मोकळे होतात. ॲडमिनला दिसणारच. चाचणीत काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही ते तपासायचंय. भागीदाराच्या खात्यातून कोणतीही अट न घालता शोध मारा. एकूण तिकिटांचा आकडा त्याला दिलेल्या प्रोजेक्टांतल्या तिकिटांच्या बेरजेइतकाच यायला हवा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत लॉगिन न करता तीच लिंक उघडून पाहा.

प्रत्यक्ष बदलताना क्रम पाळा: नवी वाट आधी उघडा, ती चालते का पाहा, मग जुनी बंद करा. मुभांची बेरीज होत असल्यामुळे दोन्ही वाटा काही दिवस एकत्र राहिल्याने काही मोडत नाही. उलट क्रमाने गेलात तर सगळी टीम एका दुपारपुरती बाहेर राहते. पाच-पाच प्रोजेक्टांच्या तुकड्यांनी जा. जुनी स्कीम लगेच पुसू नका, नावापुढे "बंद" लिहून महिनाभर ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. जिरात नव्या प्रोजेक्टच्या रोलवर आपोआप कोण बसावं, याची एक मूळ यादी असते. तिच्यात केलेला बदल पुढे निघणाऱ्या प्रोजेक्टांनाच लागू होतो, आधीच्यांना नाही. यादी स्वच्छ केली म्हणून जुने ८० स्वच्छ झाले असं धरू नये. यादी तशीच ठेवून जुने ८० स्वच्छ केलेत, तर एक्याऐंशीवा पुन्हा घाण जन्माला येतो.

## मागची दारं

स्कीम कितीही नीट असली तरी माहिती इतर वाटांनी निसटते. तिकिटाचा मेल एखाद्या सामायिक पत्त्यावर जात असेल, तर त्या पत्त्यावर कोण कोण आहे हे ट्रॅकरला ठाऊक नसतं. एकदा गेलेला मेल मुभा काढल्यावर परत येत नाही. तिकीट एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात हलवलं की त्याला नव्या घराचे नियम लागू होतात. गोपनीय तिकीट खुल्या प्रोजेक्टमध्ये हलवताना त्याची सुरक्षा-पातळी टिकते का, ते पाहूनच पुढे जावं. एक्सेलमध्ये काढलेल्या यादीला तर कोणतीच स्कीम लागू होत नाही.

बाहेरच्यांना दिलेल्या ॲक्सेसला शेवटची तारीख घालावी. गिटलॅबमध्ये सदस्यत्व देतानाच ती टाकता येते. जिथे ही सोय नाही तिथे बाहेरच्यांचा ग्रुप वेगळा ठेवून तीन महिन्यांनी प्रत्येक प्रमुखाला त्याच्या प्रोजेक्टची यादी पाठवावी. "हे सगळे हवेत का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. "ज्यांच्यासमोर तुम्ही खूण करणार नाही ते शुक्रवारी निघतील" असं लिहिलं की यादी खरोखर वाचली जाते.

## माणूस गेला, खातं राहिलं

नोकरी सोडणाऱ्याचं खातं डिलीट करू नये, निष्क्रिय करावं. जुन्या तिकिटांवर त्याचं नाव असतं आणि ते पुसलं तर हा निर्णय कोणी घेतला होता हे पुढे कळत नाही. निष्क्रिय करण्याआधी त्याच्या नावावरची उघडी तिकिटं, त्याने इतरांना दिलेले फिल्टर आणि तो एकटाच प्रमुख असलेले प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावे करून घ्यावेत. कर्मचारी-यादी ट्रॅकरशी जोडलेली असेल तर खातं आपोआप बंद होतं, पण हा वारसा आपोआप होत नाही.

सगळ्यांत उशिरा लक्षात येतं ते टोकन. टोकन म्हणजे माणसाऐवजी एखाद्या प्रोग्रामने लॉगिन करावं म्हणून दिलेली लांबलचक किल्ली. रात्री दोनला रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट, कोड बदलला की तिकीट पुढे सरकवणारं ऑटोमेशन, हे सगळं कोणाच्या तरी वैयक्तिक टोकनवर चालत असतं आणि त्या माणसाला जे जे दिसतं ते ते त्या स्क्रिप्टलाही दिसतं. खातं बंद झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट येत नाही. मग दबाव येतो, "दोन दिवस त्याचं खातं चालू करा." ते दोन दिवस कधी संपत नाहीत. अशा प्रत्येक कामासाठी वेगळं खातं काढावं, त्याला माणसाचं नाही तर कामाचं नाव द्यावं, फक्त लागणाऱ्या प्रोजेक्टांत लागेल तेवढ्याच रोलवर बसवावं आणि त्याचा जबाबदार कोण ते खात्याच्या वर्णनात लिहून ठेवावं. रिपोर्ट काढणाऱ्या स्क्रिप्टला वाचकाचा रोल पुरतो.